नकाशात नसलेला डोंगर

रिनाचा फोन आला की मी आधी दार लावून घेते. का, ते सांगायचं तर पनवेलची ती टर्म पहिल्यापासून सांगावी लागेल.

मी लातूरची. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षात एक टर्म कुठल्यातरी ऑफिसात ट्रेनिंग करायचं असतं, त्यासाठी जानेवारीत पनवेलला आले. खांदा कॉलनीत अबीगेल आत्यांच्या घरी एक खोली मिळाली. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्या. सोबतीला फक्त भाची, रिना. ती माझ्याच वयाची आणि योगायोगाने माझ्याच ऑफिसात ट्रेनी. शुक्रवारी संध्याकाळी आत्या दिवे लावायच्या आणि शनिवारभर घरात एक स्वच्छ शांतता असायची. रिना शनिवारी कामाला येत नसे. त्यामुळे आमचं हिंडणं रविवारी.

हिंडायला तिसरा प्रितम. उलव्याजवळच्या गावातला, आगरी घरातला, ऑफिसात आमच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. त्याच्याबरोबर कर्नाळ्याला गेलो, गाढेश्वरच्या धरणावर गेलो, चिरनेरला गेलो. लातुरात मी आठनंतर घराबाहेर पडलेली नव्हते, इथे रिनाच्या स्कूटरवर मागे बसून केस मोकळे सोडून फिरत होते. ते तीन महिने मला अजूनही थोडे उसने घेतल्यासारखे वाटतात.

मेमध्ये रिना आणि आत्या कायमच्या इस्राएलला जाणार होत्या, रिनाच्या भावाकडे, मोशेकडे. कागदपत्रं झाली होती. रिना त्याबद्दल बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, "मला तिथं काही वाईट वाटणार नाही गं. पण इथलं कुणी मला विचारलंच नाही, जाऊ का म्हणून."

मार्चमधला रविवार होता तो. ऑफिसातल्या सरांनी उलव्यातल्या एका प्लॉटचे फोटो काढून आणायला सांगितलं होतं. तासाभराचं काम. पुढे प्रितमच्या घरी जेवायचं ठरलं होतं. चारच्या सुमारास पोचलो. चारी बाजूंनी अर्धवट टॉवर, क्रेन, सिमेंटची धूळ, आणि डोक्यावरून दर थोड्या वेळाने खाली उतरणारं विमान. माझ्या हातात प्लॉटच्या सर्व्हेचा नकाशा होता. सगळी जमीन सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत फूटभराचाही चढउतार नाही.

फोटो झाले. प्रितम म्हणाला, "थांबा इथंच, पेट्रोल टाकून येतो," आणि गेला.

आम्ही प्लॉटच्या पूर्वेच्या कडेला सावली शोधत गेलो. तिथे डोंगर होता.

फार मोठा नाही. वाळलेल्या पिवळ्या गवताचा, मधून एक पायवाट गेलेली. तो तिथे असण्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी फक्त कागद उलटापालटा करून म्हटलं, "हा सर्व्हेत नाहीये."

"कागदावर नसतं असं पुष्कळ असतं," रिना म्हणाली आणि चढायला लागली.

चढताना काय वाटत होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाय हलके पडत होते. ऊन मधासारखं झालं होतं. आमच्या चपलांखाली खडे सरकत होते, पण त्यांचा आवाज होत नव्हता. धूळ नव्हती, क्रेन नव्हत्या, आणि मला वाटतं बऱ्याच वेळात एकही विमान गेलं नव्हतं. गवताचा वास मात्र येत होता. तापलेल्या गवताचा, आणि कुठेतरी लाकडं जळत असल्याचा.

वर सपाटीवर एक झोपडी होती. कुडाची, शेणाने सारवलेली. दारात तीन दगडांची चूल, आणि चुलीपाशी एक म्हातारी बसली होती, काटक, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं.

"या," ती म्हणाली. आमची वाट बघत असल्यासारखी. "पानी प्या."

मडक्यातलं पाणी गार होतं. मी नाव विचारलं. सोमी म्हणाली. हितंच जन्मली, हितंच लग्न झालं. नवरा, गोमा, लाकडं आणायला गेलाय.

रिना कड्याच्या टोकाशी जाऊन बसली. मीही गेले. खाली खाडी दिसत होती, भरतीच्या पाण्याने फुगलेली. मिठागरांचे चौकोन आरशांसारखे चमकत होते. पलीकडे भातखाचरं आणि कौलांची दोनचार गावं. एकही टॉवर नव्हता. धावपट्टी नव्हती. आम्ही ज्या रस्त्याने आलो, तो नव्हता. हे सगळं मी पाहिलं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. स्वप्नात वाटत नाही, तसं.

"अंकिता," रिना हळूच म्हणाली, "इथं किती बरं वाटतंय गं…"

तिचे डोळे भरले होते. सोमी तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "भोंगा झाला का उतरायचं हां. थांबायचं नाय."

"कसला भोंगा?" मी विचारलं.

"सुरुंग लावत्यात. आदी भोंगा देत्यात."

आणि तो झाला. लांबून, खालून, एकसुरी. सोमीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "जावा. पळा."

"आणि तुम्ही?" रिनाने विचारलं.

"मी कुटं उतरू? माजं घर हाय हितं."

मी रिनाचा हात धरून ओढला. ती यायला तयार नव्हती. दोनदा मागे वळली. तो भोंगा थांबत नव्हता, आणि उतारावरचं ऊन भराभर विझत होतं. वाट पायाखाली मऊ लागायला लागली, ओल्या कागदासारखी. अर्ध्यावर रिनाचा हात सुटला. मी हाक मारली. ती म्हणाली, "येते गं… तू हो पुढे…" मी पळाले. शेवटची उडी मारली तेव्हा पायाला सिमेंटची धूळ लागली आणि विमानाचा आवाज कानात घुसला.

मी मागे वळून पाहिलं.

डोंगर नव्हता. रिना होती. दोन मजले वर, मोकळ्या हवेत, एक पाय पुढे टाकलेला, चेहऱ्यावर थोडंसं हसू.

मग ती पडली.

प्रितम धावत आला. तो कधी परतला होता, मला माहीत नाही. आम्ही तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, टाचेचं हाड चार ठिकाणी मोडलं होतं. "कितव्या मजल्यावरून पडली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सपाट मैदानात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नर्सला प्लास्टरची तयारी करायला सांगितली. आत्यांना मी सांगितलं, बांधकामाच्या जिन्यावरून पाय घसरला. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी पहिल्यांदा बोलले.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना प्रितम म्हणाला, "मी पाऊण तास उभा होतो तिथं. तुम्हाला हाका मारत."

"मग आम्ही कुठं होतो?"

त्याने डबा बंद केला. "मला तुमच्या चपलांचे तळ दिसत होते, अंकिता. खालून."

त्याच्या आईला, सुनंदाकाकूंना, आम्ही वेगळंच काहीतरी सांगून विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "डोंगर व्हता ना तिथं. विमानतळाच्या कामात सपाट केला, सात-आठ वर्सं झाली. वर कातकऱ्यांची चारपाच घरं व्हती. गेली ती चिरनेरच्या बाजूला. वीटभट्टीवर कामाला जातात आता."

"सोमी नावाची कुणी होती का? म्हातारी?"

"गोमाची सोमी? हाय की. हाय म्हंजे… पडूनच हाय."

मला वाटलं होतं, ती मेली म्हणून सांगतील. मेली असती तर मी कदाचित तिथे गेलेच नसते.

पुढच्या रविवारी मी आणि प्रितम गेलो. वस्तीच्या टोकाला पत्र्याचं घर. तिची मुलगी, मैना, भट्टीवरून नुकतीच आली होती, अंगावर विटांची धूळ. म्हणाली, "आय तीन वर्सं झाली उठली नाय. बा गेला तवापासून. आमाला पन वळखत नाय. कोन म्हनून सांगू?"

सोमी भिंतीकडे तोंड करून गोधडीत पडली होती. डोंगरावर पाहिली तीच, फक्त वाळून अर्धी झालेली. मी दारातच उभी राहिले. पाय आत पडेना. बोलले काहीच नाही.

ती न वळता म्हणाली, "तू नीट उतरलीस. ती दुसरी नाय उतरली."

मैनाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिने तीन वर्षांत आईचा आवाज ऐकला नव्हता.

"ती रोज येते," सोमी म्हणाली. "दिस कलला का येते. बसते माज्यापाशी. बरं वाटतं म्हनते… तिला सांग, येऊ नको. आमची गोष्ट येगळी हाय. आमाला जायाला दुसरी जागा नाय. तिला हाय."

पुढे ती काही बोलली नाही. मैनाने पुष्कळ हाका मारल्या.

मी बाहेर आले. साडेपाच वाजून गेले होते. रिना गेला आठवडाभर संध्याकाळी झोपत होती, औषधांमुळे असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नव्हतं. आत्यांना फोन लावला.

"झोपलीय गं," आत्या म्हणाल्या. "मघापासून उठवतेय. आणि अंकिता… हिला धाप का लागलीय? घामाने चिंब झालीय. पडल्या पडल्या माणसाला धाप लागते का कधी?"

"आत्या, उठवा तिला. पाणी मारा तोंडावर. काहीही करा, पण आत्ताच्या आत्ता उठवा!"

फोन तसाच चालू राहिला. आत्यांच्या हाका, भांड्याचा आवाज, चापट मारल्याचा आवाज. मी वस्तीच्या रस्त्यावर फोन कानाशी घट्ट धरून उभी होते. आणि मग रिनाचा आवाज आला, चिडलेला, झोपेतला.

"कशाला उठवलंत…? उतरतच होते मी. अर्धी वाट राहिली होती अजून."

त्यानंतर आत्यांनी तिला संध्याकाळी एकदाही झोपू दिलं नाही. मी ऑफिसातून लवकर निघायचे, तिच्याशी पत्ते खेळायचे, भांडायचे, गाणी लावायचे. डोळे मिटायला लागले की चिमटा काढायचे. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं, की आठवत असून सांगत नव्हती, कोण जाणे. प्लास्टर निघालं. मेमध्ये त्या दोघी गेल्या. विमान उलव्यावरूनच उडालं. मी आणि प्रितम खाली उभे होतो.

आता ती मजेत आहे. नोकरी लागली आहे, थोडी लंगडते, तिथली भाषा शिकतेय. दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. मोशेच्या घरातली तिची खोली लहान आहे. तिकडे आता कडाक्याची थंडी, खिडकी घट्ट बंद असते, मागचा पडदा सरळ लोंबत असतो. तिचा एकही केस हलत नाही. माझ्या बाजूचं दारही मी आधीच लावलेलं असतं.

पण तिच्या आवाजामागे वारा असतो. उंचावर असतो तसा, मोकळा, सतत वाहणारा. कधीकधी तो इतका वाढतो की ती काय बोलतेय, तेच मला ऐकू येत नाही.