मुळासकट वाटलेला कॅक्टस

धम्मानंद सदर भागातल्या आमच्या रोपांच्या नर्सरीत शिरला तो मुळात सावलीसाठी. भर मे महिना, गाडी पंक्चर... हिरव्या जाळीखाली उभं राहता राहता एक कॅक्टस घेऊन गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा हजर.

"कसा आहे माझा कॅक्टस?" मी विचारलं.

"वाटला."

"काय?"

"मुळासकट. पावडर केली."

बापरे! लेकरासारखा वाढवला होता मी त्याले! "कसाई हायेस का गा तू?" मी ओरडलीच.

तो गालात हसला. "केमिस्ट्रीत पीएचडी करून राह्यलो मी. ऐक तं... कॅक्टसमध्ये टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असते. एक एन्झाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेते, टायरामिन बनते. दुसरं एन्झाइम त्याले मिथाइल लावते — एकदा, दोनदा — की झालं हॉर्डेनिन. अल्कलॉइड म्हणतात त्याले. तेच शोधून राह्यलो मी."

"कडू असते?"

"तुझ्या बोलण्याइतकं नाही."

मेला! पण हसली मी. मग सहा महिने तो येत राह्यला, मी कॅक्टस देत राह्यली, अन् प्रेमात पडली... अजून काय!

काल तो संत्रा बर्फी घेऊन आला. "भूमिका, तुझ्या कॅक्टसच्या जातीत हॉर्डेनिन आजवर कोणालेच सापडलं नव्हतं. मले सापडलं! उद्या पेपर पाठवतो."

बर्फी माझ्या हातातच राह्यली. "धम्मा... तुले दिलेले सारे कॅक्टस कलमी होते."

"म्हणजे?"

"वरचा गोळा एका जातीचा, खालचा बुंधा दुसऱ्या जातीचा. लवकर वाढते म्हणून. जोड मातीत दाबतो आम्ही. तू मुळासकट वाटलं... ते हॉर्डेनिन बुंध्याचं असेल."

त्यानं बर्फीचा डबा बंद केला. गप्प बसली असती तं काय बिघडलं असतं? आता हा काही परत येत नाही! मले रडूच आलं.

धावत जाऊन मी बाबांच्या हातचा जुना कॅक्टस आणला. कोणाले शिवू देत नाही मी त्याले. "हा त्याच जातीचा, पण बिनकलमी. एकच हाय. घे, वाट."

त्यानं कुंडी माझ्याकडे परत सरकवली. बुडाशी एक इवलंसं पिल्लू होतं, त्याकडे बोट केलं. "हे वाढायले किती दिवस?"

"दोन वर्षं तरी."

"मग पीएचडी दोन वर्षं पुढं."

"येडा झाला काय?"

"तू खरं बोलली म्हणून वाचलो. नाही तं जगासमोर तोंडावर पडलो असतो." तो अडखळला. "लग्न करशील माझ्याशी? घाई नाही... थांबतो मी."

मी चाटच पडली. डबा उघडून त्याच्या हातावर बर्फी ठेवली अन् म्हटलं,

"पिल्लासाठी थांब गा. माझ्यासाठी काहून थांबतो?"