रेघांमधला माणूस

हे खरं घडलंय. रंगवून सांगणं मला जमत नाही. साधं सांगणं तरी जमेल का, शंकाच आहे.

थंडीतला शनिवार. सकाळचे पावणेसात. शहराबाहेरचं तळं. घडीच्या स्टुलावर मी, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा.

जागा माझी नव्हती. माझ्या साडूची होती.

साडूचं चष्म्याचं दुकान. आयुष्यात त्याने पुस्तक उघडलं नसेल. मी निवृत्त ग्रंथपाल. उडत्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत यावर अकरा पुस्तकं वाचलेली. तरी दर वर्षी आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर त्याचाच. त्याने टिपलेला बगळा आमच्याच घरात, माझ्या पुस्तकांच्या कपाटावर टांगलेला. बायकोनेच टांगला.

"साडूभाऊ, पुस्तकातला पक्षी बसून असतो," तो हसायचा. "हा उडतो! शटर जरा हळू ठेवा. पक्ष्याबरोबर कंबरेतून वळा. आणि बटण दाबल्यावरही वळत राहा. तुम्ही नेमके तिथेच थबकता."

खरं होतं. मी थबकायचो.

गेल्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला. वाईट वाटलं. पण मनात पहिला विचार आला, तो यंदाच्या प्रदर्शनाचा...

हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी तळं गप्प होतं. बदकांचा आवाज नाही. लव्हाळ्यांची सळसळ नाही.

मग राखी बगळा उठला.

मी त्याच्याबरोबर वळू लागलो. बटणावर बोट ठेवलं...

खट्.

माझ्या आधी. पलीकडच्या काठावरून.

मी दचकलो, बटण दाबलं गेलं. आणि मी वळतच राहिलो. पहिल्यांदाच थबकलो नाही.

पलीकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

मग कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. बगळ्याचा डोळासुद्धा लख्ख आला होता. मागची झाडं, लव्हाळी, सगळ्यांच्या आडव्या रेघा झालेल्या. अगदी हवा तसा फोटो.

आणि त्या रेघांमध्ये, डाव्या बाजूला...

स्टुलावर बसलेला माणूस. चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट. कॅमेरा माझ्याकडे रोखलेला.

असं होत नाही हो. कॅमेरा पक्ष्याबरोबर वळतो, म्हणून पक्षी स्पष्ट येतो आणि जागच्या जागी असलेलं सगळं फरफटतं. बसलेल्या माणसाचीही रेघच व्हायला हवी. तो स्पष्ट यायचा, तर त्याने बगळ्याच्या वेगाने सरकायला हवं...

बसल्या बसल्या.

तुम्हाला वाटेल, मी तो फोटो घाबरून पुसला. नाही. मी साडूला कापलं. डावी बाजू छाटली, बगळा तेवढा ठेवला, मूळ फोटो पुसून टाकला. एवढ्या वर्षांनी हाती लागलेला फोटो मला त्याच्याबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

पहिला नंबर आला.

"अगंबाई, हा खरंच तुम्ही काढलात?" बायको म्हणाली. तेही मी कौतुक म्हणून घेतलं.

मेहुणी, म्हणजे साडूची बायको, फोटोपुढे बराच वेळ उभी होती.

"छान आलाय, भावजी," ती म्हणाली. मग हळूच... "पण ह्यांना का कापलंत?"

मूळ फोटो कुणीच पाहिला नव्हता. माझ्या बायकोनेही नाही.

"कु... कुणाला?"

मेहुणी पर्स सावरत पुढच्या फोटोकडे गेली होती.

आता ट्रायपॉड माळ्यावर आहे. तळ्याकडे मी फिरकत नाही. पण खिडकीसमोरून एखादा पक्षी गेला, की माझी कंबर आपोआप वळू लागते. पक्षी दिसेनासा होतो...

तरी वळतच राहते.

आणि मी थांबायला गेलो, की पाठीमागून...

खट्.