शिडीवर आहे, उतरलो की फोन करतो

काचवाल्याच्याच फोनची काच फुटावी, यावर विनोद सुचणारच. पण गिऱ्हाईक पहिल्यांदा तिच्या मोबाईल-दुरुस्तीच्या दुकानात आलं असेल तर तो गिळायचा असतो, एवढं भान तिला होतं. म्हणून तिनं आधी फोन उलटासुलटा करून पाहिला, मागचं झाकण काढलं, आणि मगच विचारलं, "ही तुम्हाला नाही बसवता येत?"

"आम्ही मोठ्या बसवतो," तो म्हणाला. "खिडकीएवढ्या."

त्याचं नेहमीचं दुरुस्तीचं दुकान त्या दिवशी बंद होतं आणि बाहेर उन्हातच बारीक पाऊस सुरू झाला होता, म्हणून टेम्पो समोर उभा करून तो आत शिरला, एवढाच काय तो योगायोग. टेम्पोत आरसे होते. त्यांचा उजेड तिच्या टेबलावर, तिच्या भिंगावर, तिच्या हनुवटीवर हलत होता. तो दोन पावलं सरकून मध्ये उभा राहिला, उजेड तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तिनं ते बघून ठेवलं.

"कसा पडला?"

"शिडीवरून."

"तुम्ही की फोन?"

"फोन. मी पडलो असतो तर वेगळ्या दुकानात गेलो असतो."

पुढे बसून कव्हरं विकणाऱ्या वहिनीनं मान वळवली. तिच्या नणंदेला कुणी हसवलं, ही वहिनीच्या लेखी बातमी होती.

दोन महिन्यांत ही तिसरी काच. दोन्ही हात काचेला लावलेले असतात, तेवढ्यात खिशात फोन वाजतो. 'निघालात का?' 'कुठवर आलात?' उचलला नाही तर माणसं दुसऱ्या काचवाल्याला बोलावतात. उचलला तर हा 'हां' आणि 'बघतो' यापलीकडे बोलत नाही. समोरासमोर बऱ्यापैकी बोलणारा माणूस फोन कानाला लावला की खांबासारखा का होतो, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मग तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "फोनलाच बोलू द्या. मी शिकवते त्याला."

या कामात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. दाताच्या डॉक्टरांचा फोन ती असा बसवून देई की पेशंटच्या तोंडात हात असताना तो चुकूनही वाजायचा नाही. शिकवणीच्या बाईंच्या फोनला कुणी 'उद्या सुट्टी का' असं लिहिलं की आपोआप 'नाही' जायचं. 'हे झालं की ते कर', असा एक नियम. असे पाच-पंचवीस नियम एकावर एक रचले की माणूस मोकळा. लोकांना काय बोलायचं असतं हे तिला लोकांच्या आधी कळायचं. स्वतःचं सोडून.

काचवाल्याच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर तिनं नाण्याएवढा एक चपटा स्टिकर चिकटवला. चढताना फोन त्याला टेकवला की फोन मुका होणार, आणि जो कुणी फोन किंवा मेसेज करेल त्याला उत्तर जाणार: 'शिडीवर आहे. उतरलो की फोन करतो.' उतरताना पुन्हा टेकवला की कुणाकुणाचे फोन येऊन गेले ते फोन मोठ्यानं वाचून दाखवणार. कुणी मेसेजमध्ये 'माप' हा शब्द लिहिला, तर उत्तर: 'उंची-रुंदी इंचात पाठवा. अंदाजे सांगू नका, काच अंदाज ऐकत नाही.' फोन पालथा ठेवला तर: 'जेवतोय. तुम्हीही जेवून घ्या.' फक्त आईचा फोन कधीही, कुठेही वाजणार. ती एक वेगळी यादी होती आणि तिच्यात एकच नंबर होता.

"काच अंदाज ऐकत नाही," त्यानं दोनदा वाचलं. "हे मी म्हटलंय असं वाटतंय."

"तुम्हीच म्हणालात. मघाशी. मी फक्त लिहिलं."

"मी असं छान बोलतो?"

"ऐकणारा चांगला असला की बोलता."

आणि मग चाचण्या सुरू झाल्या. नियम लावला की तो चालतो का ते बघावं लागतं, त्यासाठी ती आपल्या फोनवरून त्याला मेसेज करायची, फोन करायची, उत्तर येतं का बघायची. तिचा एकच नंबर, दुकानाचाही तोच. त्याच्या फोनमध्ये तिनं तो स्वतःच भरला: 'चाचणी'. पहिल्याच दिवशी चाळीस मेसेज झाले. कचरा साठू नये म्हणून तिनं एक नियम केला... 'चाचणी'कडून काहीही आलं, की उत्तर द्यायचं, वाचल्याची खूण करायची आणि पुसून टाकायचं. काम चोख. दोन मिनिटांचं.

स्टिकर एकदा बसला की बसतो, शिडीला रोज दाखवायला आणावं लागत नाही. तरी तो रोज अकराच्या सुमाराला यायचा. कधी स्टिकर ओला झालाय, कधी फोन नावं चुकीची वाचतोय. बोटांना पट्ट्या, बाहीला काच पक्की करायच्या लांबीचा वास, आणि टेकायला तिच्या टेबलाचा तोच कोपरा.

"शिडीवाले आले," वहिनी कव्हरं पुसत म्हणायची. "आज काय बिघडलंय? फोन की माणूस?"

"वहिनी, तू गिऱ्हाईक बघ."

"बघतेच आहे गं. चार महिने एकच गिऱ्हाईक बघतेय."

या चार महिन्यांत त्यांनी एकमेकांना एकदाही काही लिहिलं नाही. रोज समोर येणाऱ्या माणसाला काय लिहायचं? तो तिला 'मॅडम' म्हणायचा, मग 'तुम्ही' म्हणू लागला. ती मनात त्याला 'तू' म्हणायची आणि तोंडानं 'तुम्ही'. हा हिशेब तिला चांगला जमत होता. एकदा त्यानं दुकानाच्या दाराची तडकलेली काच न विचारता बदलून टाकली. नवी काच इतकी स्वच्छ होती की एक बाई तिच्यावर आपटली. तेव्हा तो आणि ती एकाच वेळी हसले, एकाच वेळी थांबले, आणि थांबल्यावर दोघांनाही कुठे बघावं ते कळेना.

मग एका शनिवारी तो आला आणि टेबलाला टेकला नाही.

"सोमवारपासून नव्या इस्पितळाचं काम आहे. सहा मजले काच. दोन आठवडे तरी येणं होणार नाही."

"बरं."

"आणि..." त्यानं बोटाची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली. "आईनं एक मुलगी बघितलीय. शाळेत शिकवते. चांगली आहे म्हणे. गुरुवारी उत्तर द्यायचंय."

तिच्या हातातला स्क्रू भिंगाखाली केवढा मोठा दिसत होता. "मग द्या की."

"नाही म्हणायचं तर आई कारण विचारणार."

"कारण नाहीये?"

"तेच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "आहे का?"

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. वहिनी इतकी गप्प होती की ती ऐकत असणार हे नक्की. जगाला दोन मिनिटांत वाक्यं काढून देणाऱ्या या बाईला त्या वेळी एक 'आहे' म्हणता आलं नाही. "बुधवारपर्यंत लिहून पाठवते," ती म्हणाली. जणू तोही एक नियम लावून द्यायचा होता.

"वाट बघतो," तो म्हणाला, आणि टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत त्याच्या आरशांचा उजेड भिंतीवरून सरकत गेला.

तिनं अकरा वेळा लिहिलं, दहा वेळा पुसलं. एक फार लांब होतं. एक तर कुणी दुसऱ्याच बाईनं लिहिल्यासारखं. बुधवारी दुपारी, वहिनी जेवायला आत गेलेली असताना, तिनं अकरावं पाठवलं:

'आईला सांग, मोबाईलच्या दुकानात एक कारण बसलं आहे. नाही म्हण.'

'सांग.' 'म्हण.' पहिल्यांदाच. तिचे कान गरम झाले.

क्षणात उत्तर आलं: 'शिडीवर आहे. उतरलो की फोन करतो.'

ती हसली. आपलंच वाक्य, आपल्यालाच. मिनिटाभरानं मेसेजखाली 'वाचला' असं उमटलं, आणि तिनं भिंग बाजूला ठेवून फोन दोन्ही हातांत धरला. उतरला वाटतं.

फोन आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी तिनं मान खाली घालून एकदा लावला. पुन्हा तेच, शिडीवर आहे. शनिवारी ती स्वतःशी म्हणाली, वाचलंय ना? मग झालं. वाचून गप्प बसणं हेही उत्तरच असतं, आणि ते तर कुणी लिहून द्यावंही लागत नाही. वहिनी म्हणाली, "अगं, पुन्हा एकदा लाव, नाहीतर इस्पितळावर जाऊन ये. सहा मजल्यांत सापडेल कुठेतरी." ती म्हणाली, "दोनदा विचारायला मी काय कुरिअरवाली आहे?" अभिमान हा असा भाडेकरू आहे की एकदा आत घेतला की घरमालकाला बाहेर झोपवतो.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, अकरा वाजता तो आला.

"या," ती म्हणाली. आवाज नीट होता. तिनं त्यावर मेहनत घेतली होती.

"एक नंबर टाकायचा होता. आईच्या यादीत. म्हणजे... कधीही वाजावा असा."

"शाळेत शिकवतात त्यांचा?"

"हो." तो टेबलाकडे बघत होता. "गुरुवारी हो म्हटलं."

"अभिनंदन. काय नाव टाकू?"

"शाळा टाका."

तिनं टाकलं. बोटं सवयीनं चालत होती. यादीत नंबर भरला आणि नियम नीट बसला का बघायला नोंदी उघडल्या, कुठल्या दिवशी फोननं काय काय केलं त्या. ती भराभर वर सरकवत होती, आणि थांबली.

'चाचणी. मेसेज एक. उत्तर दिलं. वाचल्याची खूण केली. पुसला. बुधवार.'

आणि खाली शुक्रवार. चाचणी. कॉल एक. उत्तर दिलं. पुसला.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो एवढा नीटनेटका असतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुला माझा मेसेज मिळालाच नाही," ती म्हणाली.

"कुठला मेसेज?"

तिनं आपला फोन त्याच्यापुढे सरकवला. तो ओठ हलवत वाचत गेला, अगदी हळू. कारण बसलं आहे, इथपर्यंत आला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

"हे बुधवारचं आहे."

"हो."

"मी बुधवारी दर खेपेला उतरलो की बघत होतो. मुद्दाम उतरत होतो. मुकादम ओरडला." त्यानं घसा साफ केला. "मला वाटलं, तुम्हाला कारण सापडलं नाही."

"मला वाटलं, वाचून गप्प बसलास."

"कुणी पुसला?"

"मी. चाचणीचा कचरा साठू नये म्हणून. चार महिन्यांपूर्वी. काढायचा राहिला."

वहिनी पुढे एकच कव्हर पुसत होती. फार वेळ पुसत होती.

"एकदा समोर यायचंस," ती म्हणाली.

"तुम्ही यायचं होतं," तो म्हणाला. रागानं नाही. खरं होतं म्हणून.

मग त्यानं तोंड वर केलं, आणि क्षणभर तिला तोच चेहरा दिसला, नव्या काचेपाशी हसून थांबलेला. "आता?" तो म्हणाला. "आईचं सगळ्यांना सांगून झालंय. त्या मुलीचंही. आता मी काय सांगू? तुम्ही... तुम्ही लिहून द्या. तुम्ही लिहाल तसं सांगतो."

ती लिहिणारही होती. वाक्य तयारच होतं, वाईट नव्हतं, कुणाला फार लागलंही नसतं. आणि मग तिला दिसलं की तो खरंच पाठवेल. आईनं 'हो' हातात दिलं, तर यानं ते पोचतं केलं. हिनं 'नाही' दिलं, तर तेही पोचतं करेल. चार महिने ती ज्या वाक्यांवर खूश होत होती, त्यांतली अर्धी तिचीच होती. आणि कुठल्याशा वर्गात फळ्यापाशी उभी असलेली ती मुलगी, तिला आपल्या ठरलेल्या लग्नाचा शेवट एका मोबाईलवालीच्या सुबक भाषेत वाचायला लागणार.

"हे मी लिहून देणार नाही," ती म्हणाली. "जे असेल ते तूच सांग. तुझ्या शब्दांत. तिला 'नाही' सांगायचं नसेल तर मला 'नाही' सांग. पण तू सांग."

त्यानं तोंड उघडलं. खरंच उघडलं, काहीतरी यायलाच लागलं होतं. तेवढ्यात तिच्या हातातला त्याचा फोन वाजला.

शाळा.

कुणाचाही असो, सहा रिंगा झाल्या की फोन आपण होऊन उत्तर पाठवायचा. हाही तिचाच नियम. तिनं फोन कापला नाही, पालथाही ठेवला नाही. हात लांब करून त्याच्यापुढे धरला. एक. दोन. तो तिच्याकडे बघत होता. तीन. ती त्याच्याकडे, भिंगाशिवाय. चार.

पाचव्या रिंगेला त्यानं फोन घेतला.

"हां," तो म्हणाला, आणि दाराकडे वळला. "नाही, शिडीवर नाही... मोकळाच आहे. तू बोल."

तू बोल. किती सहज. तो बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला आणि नव्या स्वच्छ काचेतून त्याची पाठ दिसत राहिली. बोलत होता, चांगली लांब वाक्यं असावीत, कारण दुसरा हातही हलत होता. मग तो आत न येता टेम्पोत चढला.

वहिनी टेबलापाशी आली. "अगं, हातातच होता ना तुझ्या. बंद करून टाकायचास."

"सहा रिंगा होत्या, वहिनी," ती म्हणाली, आणि पुढच्या फोनचं झाकण उघडायला घेतलं. "त्यानं पाचवीला उचलला."