सोनुन आपाच्या दारातली राख

दार लावून घे रे, उलान. आणि ते हातमोजे शेगडीवर नको टाकूस, जळतील. बर्फ पडायचा थांबल्याशिवाय आपल्याला हाक येणार नाही. तोवर चहा घ्या. चढाची गल्ली नगरपालिकेच्या कागदावर सगळ्यांत शेवटी आहे, मग बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकायची वाळू आपण तिथं सगळ्यांत आधी का टाकतो, असं विचारत होतास ना? ऐक मग. ऐकीव नाही हे. दाइरबेकच्या बाबतीत घडलंय, आणि दाइरबेक माझ्याच पाळीला होता.

त्याची बायको नुरझात. तलासला सासूजवळ राहायची, आदल्या वसंतात त्यानं चढाच्या गल्लीत वर घर घेतलं आणि तिला इथं आणली. जानेवारीत तिला आठवा महिना लागला होता. आधीचं एक पोटातच गेलेलं, तेही घसरून पडल्यामुळे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आता पुन्हा पडलीस तर काही खरं नाही. पण ऐकेल ती नुरझात कसली! खालच्या पावाच्या भट्टीत कामाला होती. पहाटे पाचला घरातून निघायची आणि तो अख्खा चढ उतरून जायची. दाइरबेक रोज पाळीतून वेळ काढून तिच्याआधी तिथं फावड्यानं वाळू टाकायचा. गाडी त्या चढावर चढत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

जानेवारीची अठरा तारीख. पहाटेचे पावणेचार, उणे एकतीस. दाइरबेक वाळू भरायला ढिगाऱ्याशी गेला, तर ढिगाऱ्याचा दगड झालेला. वाळू गोठू नये म्हणून शरद ऋतूतच तिच्यात मीठ मिसळायचं असतं, ते कुणी मिसळलंच नव्हतं. तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपल्या गॅरेजची जुनी खोड. त्यानं पहार मारली. पहार उडून परत आली. एव्हाना पाच वाजायला तासभर उरलेला.

मग त्यानं राख घेतली.

"घरातली? चुलीतली?"

हो बाबा, चुलीतलीच. तोंड वाकडं करू नकोस. राखेवर पाय देऊ नये हे तुझ्या आईनं तुला सांगितलंय, तसं त्याच्या आईनं त्यालाही सांगितलं होतं. राखेत कोण राहतं ते रात्रीचं बोलायचं नाही. पण बायकोच्या काळजीनं माणूस आंधळा होतो. गल्लीच्या वरच्या टोकाला सोनुन आपाचं बंद घर, त्यामागं तिच्या चुलीच्या राखेचा ढीग. त्यानं चार पोती भरली.

आता सोनुन आपा कोण, तेही ऐका. एकटी म्हातारी, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं सगळे तिला आपा म्हणायचे. आदल्या हिवाळ्यात स्वतःच्याच फाटकाशी घसरली, रात्रभर तिथंच पडून होती. सकाळी गोठून मेलेली सापडली. त्या रात्री गल्लीत वाळू पडली नव्हती. दाइरबेक म्हणाला होता, "वर एक म्हातारी राहते, तिच्यासाठी कोण चढतंय? उद्या बघू." मी शेजारीच बसलो होतो. हसलो होतो मी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तर त्यानं तिच्या फाटकापासून राख टाकायला सुरुवात केली. एक फावडं, एक पाऊल खाली. वारा नव्हता. नदी गोठलेली, तिचाही आवाज नाही. निम्म्या उतारावर आल्यावर त्याला वाटलं, मागं कुणीतरी आहे.

वळून पाहिलं. कुणी नाही.

पण राखेत पावलं होती. बुटांवर रबरी गलोश चढवलेली, छोटी. म्हातारीची असतात तशी, एक पाय जरा फरफटत. वरून निघालेली, थेट त्याच्या पाठीमागं येऊन थांबलेली. दोन हातांवर.

त्यानं फावडं खाली ठेवलं.

"आपा… चुकलं माझं."

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"मला काय करायचं ते करा. बायको येईल आता… तिच्या वाटेला जाऊ नका. तिला यातलं काहीच…"

मग राख दबली. त्याच्या डोळ्यांसमोर. एक पाऊल. दुसरं. पावलं वळली होती. वर निघाली होती. त्याच्या घराकडं.

दाइरबेक धावला. पडला. उठला, पुन्हा पडला. शेवटी चार पायांवर चढला, गुडघे फुटले.

वळणावर नुरझात दिसली. सावकाश उतरत होती. एकटीच. उजवं कोपर जरा बाजूला धरलेलं, कुणी हात धरून चालवावं तसं.

"अहो, असे रांगताय काय? लागलं का?"

"तू… कुणाबरोबर…"

"या आपा आहेत ना. आपल्या फाटकापासून हात धरून आल्यात, इतका भक्कम धरलाय की…" ती बाजूला वळली. बाजूला कुणी नव्हतं. "अहो, आत्ता तर होत्या."

त्यानं तिला उचललीच. भट्टीपर्यंत खाली टेकवली नाही. तिथल्या गरम भिंतीशी बसवल्यावर विचारलं, काय बोलल्या?

"काही नाही. बोलतच नव्हत्या. एकदाच विचारलं, कुणाची गं तू? मी म्हटलं, दाइरबेकची." नुरझात कोपर चोळत होती. "तेव्हा हात एकदम घट्ट झाला. मला वाटलं, ढकलतात की काय. कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग चालायला लागल्या."

फेब्रुवारीत मुलगी झाली. धडधाकट, गॅरेजपर्यंत ऐकू येईल एवढं रडायची. चाळीस दिवस झाल्यावर दाइरबेकनं तिला सोनुन आपाच्या फाटकाशी नेऊन दाखवली, तिथंच आपाच्या नावानं तळलेल्या कणकेचे बोरसोक वाटले. बंद घरापुढे मूठभर माणसं उभी, आणि दाइरबेक लहान पोरासारखा रडत होता. तेव्हापासून रात्रीची पहिली वाळू त्या फाटकापुढे. दाइरबेकची बदली झाली तरी आपण ते मोडलं नाही.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, आपानं माफ केलं.

पण त्या फाटकापुढे वाळू राहत नाही. मीठ घालून टाका, दुप्पट टाका. फाटकाच्या वरच्या बाजूची राहते, खालच्या बाजूची राहते. काल रात्री मी स्वतः पाच फावडी टाकली. वारा नव्हता, झाडूवाली त्या बाजूला गेली नाही, तिला विचारलं मी. सकाळी सातला जाऊन पाहिलं.

कण नव्हता. नुसता काळा बर्फ. आडव्या पडलेल्या माणसाएवढा.