अंगठा ओळखेना

काउंटरवर सरावासाठी ठेवलेल्या रबरी मांडीत सुई टोचून बघायची मृदुलाची ही पाचवी खेप. साताऱ्याच्या एका औषधदुकानात सुई पुन्हा तेच बोलली, "कृपया हात स्थिर ठेवा."

"पोरीचा श्वास कोंडत असताना हात स्थिर ठेवायचा?" मृदुला भडकली. "तेव्हा काय या सुईची आरती ओवाळायची?"

तिच्या सात वर्षांच्या ओवीला शेंगदाणा चालत नव्हता. चुकून पोटात गेला की घसा सुजायचा, आणि लगेच ॲड्रेनलिन टोचलं नाही तर संपलंच. आणि आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत. वर "उपासाचं आहे गं, काही बाधत नाही" म्हणून प्रेमानं भरवणारी माणसं!

"ही धीरसुई, मॅडम," विक्रेता म्हणाला. "टोचणाऱ्याचा ठसा ओळखते, नाडी बघते, मगच सुटते. भलत्याच्या हाती चालत नाही. शाळेच्या नियमाप्रमाणे हीच लागते."

"शाळेत जेवताना ओवीजवळ कोण असतं, ठाऊक आहे? या मावशी!" तिनं मालनमावशींना पुढे ओढलं. मावशी मुलांना जेवायला वाढायच्या, मग ढीगभर भांडी घासायच्या. त्यांनी अंगठा पदराला पुसून सुईवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा लाल. वीस वर्षांच्या काथ्यानं आणि साबणानं अंगठ्यावरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या.

"मग मुख्याध्यापिकांच्या ठशाची नोंद करू?" विक्रेत्यानं विचारलं.

"अहो, त्या दोन मजले वर बसतात!" मृदुलाला संतापानं रडूच फुटलं.

खालच्या फळीवर जुनी स्प्रिंगची सुई होती, ना ठसा, ना बोलणं. मावशींनी ती उचलली, टोपण काढलं, रबरी मांडीवर दाबली. खट्! तीन सेकंदांत काम झालं.

"एवढंच व्हय?" मावशी म्हणाल्या.

"यातलीच एक नवी द्या," मृदुला म्हणाली. "नियम गेला खड्ड्यात. मावशी, कमरेच्या पिशवीत ठेवा आणि शाळेत कुणाला बोलू नका."

मावशींनी नवी सुई पिशवीत घातली. दुकानाची पायरी उतरताना त्या थांबल्या.

"ताई, वेळ आली तर मी टोचीनच. पोरीपुढं दुसरं काय हाय? पण ती वाचल्यावर शाळा मला इचारंल, तुला कुणी सांगितलं हुतं? तवा तुमी बोलशीला न्हवं?"