काळकड्याचं आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी काळकड्याच्या बुरुजांवरून पहाटेचं धुकं ओसरलं, तेव्हा आवडाबाईंना खिंडीच्या तोंडाशी गनिमाची थोरली तोफ दिसली. आणि तोफेपाशी दावणीला, गडाखालच्या गावांतून जबरीनं हाकून नेलेले आपलेच बैल. उद्या ते बैल तोफ समोरच्या टेकडीवर ओढणार आणि परवा गडाचा तट पडणार, हे कळायला युद्धशास्त्र लागत नव्हतं. किल्लेदार पहिल्याच हल्ल्यात कामी आले होते, आणि तेव्हापासून गडावरचे मुत्सद्दी शरण जाण्याची मानाची रीत कोणती, यावर सदरेत मोठ्या हिरिरीनं भांडत होते.

त्यांना भांडत ठेवून किल्लेदारीण आवडाबाई हळद नि तुपाची वाटी घेऊन एकट्याच गड उतरल्या.

गनिमाचे सरदार दर्याजीराव खडतरे. सात पिढ्यांत नांगराला हात लागला नाही, हा त्यांचा अभिमान.

"बाईसाहेब, तहाच्या शर्ती आणल्यात?"

"नाही. आमच्या बैलांना आवतण द्यायचंय. खांदेमळणी आहे आज."

सगळा डेरा हसला.

"आणि आपणांस इथंच ठेवून घेतलं तर?"

"खुशाल ठेवावं. चाव्या सुनेच्या कमरेला आहेत. सासूला सोडवायला ती दरवाजा उघडेल असं वाटत असेल, तर सरकारांनी आमच्या घरातली भांडणं ऐकलेली नाहीत."

दर्याजीराव उदार झाले. "जा. बैलांशी काय तह करायचा तो करा."

जुवानं सोललेल्या एकेका खांद्याला बाईंनी तूप-हळद चोळली, एकेका कानात म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." फौजेचे गाडीवान मान खाली घालून ऐकत होते. त्यांचेही बैल घरी दावणीला आवतणाची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हुकूम सुटला: बैल जुंपा. गाडीवानांचा म्होरक्या कान्हू नाईक यानं आसूड जमिनीवर ठेवला.

"सरकार, बैलांचं आवतण झालंय. आज त्यांच्या मानेवर जू ठेवणार नाही."

"तुझी मान उडवीन!"

"उडवा सरकार. माझ्या मानेला कुणी आवतण दिलेलं नाही."

तलवार उपसली गेली. पण मागं पटापट आसूड खाली पडू लागले, आणि इतक्या माना उडवल्यावर तोफ ओढणार कोण, हा हिशेब दर्याजीरावांनाही जमला. तेवढ्यात गडावर ढोल वाजला. नाईकानं दावी कापली. बैल ओळखीच्या वाटेनं चढू लागले, मागोमाग निःशस्त्र गाडीवान.

"बार काढा!" सरदार ओरडले. गोलंदाजानं बत्ती विझवली. "बैलांवर? आज?"

वर मुत्सद्द्यांची पाचावर धारण बसली. "बाईसाहेब, दगा असेल! दरवाजा उघडू नका!"

सुनेकडून चाव्या घेत आवडाबाई म्हणाल्या, "जेवायला बोलावलंय, नि दार लावून बसू?"

आणि अडसर त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. बैल आत आले, गाडीवान आत आले, कुणाचाही हात कमरेच्या शस्त्राकडे गेला नाही, कारण कमरेला शस्त्रच नव्हतं.

पुढं पावसानं तोफ चिखलात रुतली ती रुतलीच. वेढा उठला. मुत्सद्द्यांनी हे सारं आपल्याच मसलतीनं घडल्याचं दरबारी कळवलं. नाईक गडाखालीच वसला, आणि दर वर्षी काळकड्याच्या पोळ्यात तोरणाखालून पहिला बैल त्याच्या घराचा जाऊ लागला.

मात्र वेढ्यातल्या त्या पोळ्याच्या संध्याकाळी, पहिला घास बैलांना भरवून झाल्यावर, गडावरून एक झाकलेलं ताट दर्याजीरावांच्या डेऱ्यात पोचलं. आत चार पुरणपोळ्या, आणि सोबत बाईंचा निरोप:

"तुम्हांला आवतण नव्हतं. तरी आलाच आहात, तर उपाशी जाऊ नका."