निसटू दिलेली सावली

"अहो — थांबा! पाय... पाय बघा!"

सौदामिनी ओरडली, पण उशीर झाला होता. जमीन मोजायची लोखंडी साखळी, जरीब, ओढत पाठमोरा येणारा तो तरुण थेट तिनं धुळीत आखलेल्या वर्तुळात शिरला, आणि मधोमध उभा केलेला लाकडी शंकू त्याच्या बुटाला लागून आडवा झाला.

औशाच्या किल्ल्यापलीकडच्या माळावर रेवणप्पाचं नवं घर उठणार होतं. दार ठीक पूर्वेला हवं, असा त्याचा हट्ट. दिशा काढून देणं हे दत्तोपंत जोशांचं काम. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांची लेक सौदामिनीच ते करत होती. सकाळी शंकूची सावली आखूड होत होत वर्तुळाला शिवते, तिथं एक खूण. दुपारनंतर ती लांबत पुन्हा शिवते, तिथं दुसरी. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ तयार.

"सकाळची खूण पुसलीत तुम्ही," ती म्हणाली. "आता सारं उद्या पुन्हा."

"कसूर माफ करा." त्यानं टोपी काढली. "मी मार्तंड. नांदेडचा. निजाम सरकारच्या पैमाइशीवर, जमीनमोजणीवर आहे... उद्या येतो मी. राखण करायला."

"शंकूची?"

"आणखी कशाची?" तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. बाभळीखाली आत्या तुळजाबाई वाती वळता वळता पेंगत होत्या. दोन खुणांच्या मधली ती लांबच लांब दुपार... तुरीच्या पिवळ्या फुलांवरून वारा येत होता, सावली मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि मार्तंड नांदेडच्या गोदावरीबद्दल बोलत होता.

"पात्र एवढं रुंद, की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही."

"मग ते मोजता कसं?"

"अलीकडे बसूनच. कोन घेऊन."

"म्हणजे अंतर तोडावं लागत नाही?"

"मोजायला नाही लागत." तो थांबला. "तोडायला मात्र... पलीकडच्याचीही मर्जी लागते."

तिनं मान खाली घातली आणि काडीनं धुळीत उगीच एक टिंब काढलं. तेवढ्यात आभाळ आलं, सावली विरून गेली.

"गेला आजचाही दिवस," ती म्हणाली. पण आवाजात नाराजी काही उतरेना.

संध्याकाळी दत्तोपंत म्हणाले, "शुक्रवारी जळकोटची मंडळी येतायत तुला बघायला. भलं घर आहे." तिचा घास हातातच राहिला.

सकाळी आभाळ निरभ्र होतं. पहिली खूण झाली. मार्तंड आला, आणि जरीब उगीच उलगडून पुन्हा गुंडाळत बसला.

"उद्या आमचा तळ उदगीरकडे हलतोय," तो अखेर म्हणाला.

ऊन कलत गेलं. काडी तिच्या हातात होती. सावली वर्तुळाला शिवली... हलकेच ओलांडून बाहेर गेली.

"सौदामिनी —" पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं. "सावली गेली."

"गेली."

"खूण नाही केलीत?"

"रेघ झाली असती, तर... काम संपलं असतं."

त्यानं खिशातून पितळी डबी काढली. काचेखाली सुई थरथरली आणि स्थिर झाली.

"होकायंत्र. पहिल्या दिवसापासून जवळ आहे. तेव्हाच दिशा दिली असती."

"लबाड! मग बोलला का नाहीत?"

"तेच. काम संपलं असतं."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "शुक्रवारी मला बघायला येतायत."

"मग बसलात काय?" तुळजाबाई वाती गोळा करत उठल्या. "डोळे मिटले होते मी, कान नाही. चला, दत्तूला गाठू."

ओसरीवर दत्तोपंतांनी सारं ऐकून घेतलं.

"मोजणीदार माणूस तुम्ही. आज औसा, उद्या उदगीर. माझी पोर राहणार कुठं?"

"तंबूत," मार्तंड म्हणाला. "पावसाळ्यात तेवढं नांदेडला, आईजवळ. खोटं नाही सांगत."

"ऐकलंस, सौदामिनी? जळकोटला पक्कं घर आहे."

"आप्पा... तुमचे डोळे —"

"माझ्या डोळ्यांचं मी बघेन. तू तुझं सांग."

घरी पाहुण्यांसमोर दाराआडूनच बोलायची तिची रीत. ती उंबरा ओलांडून सगळ्यांसमोर आली.

"मला तंबूत जायचंय, आप्पा."

दत्तोपंत हसले. "तुळजाक्का, जळकोटला निरोप धाड. आणि मोजणीदार, रेवणप्पाची रेघ काढून दिल्याशिवाय गाव सोडायचं नाही. माझं डोकं खाऊन राहिलाय तो."

मग त्यांनी चाचपडत हात पुढे केला. सौदामिनीनं तो धरला, आणि मार्तंडच्या हातात ठेवला.